चिकू कोणत्या दिवशी तोडला?

उन्हाळा लागला की वर्तमानपत्रांत एक बातमी येणारच. अन्न व औषध प्रशासनाने अमुक बाजारात छापा घातला, कार्बाइडच्या पुड्या सापडल्या, इतका आंबा जप्त करून नष्ट केला. बातमी वाचून बरं वाटतं. कुणीतरी लक्ष ठेवून आहे, एवढा दिलासा मिळतो. पण पालघर जिल्ह्यात चिकूच्या वाड्यांच्या आजूबाजूला राहणाऱ्याला या बातमीत एक मोठी उणीव दिसते. छापा पडतो पिकवणीच्या खोलीवर. फळाचं वाटोळं मात्र बहुतेक वेळा त्याआधीच, झाडावरून उतरतानाच झालेलं असतं. त्या घडीकडे बघणारं कुणी नाही. कायदा तिच्याबद्दल गप्प आहे, बाजारभावात तिला किंमत नाही, आणि मानांकनाचा शिक्का आपण कौतुकाने मिरवतो त्या खोक्यावरही तिची नोंद नसते.

माझं म्हणणं असं की फळाची चव पिकवताना ठरत नाही, तोडताना ठरते. पिकवणीत फक्त ती बाहेर येते. आपली सगळी काळजी, सगळे नियम आणि आता येऊ घातलेला सगळा पैसा तोडणीनंतरच्या टप्प्यावर खर्च होतोय. म्हणून बोईसरच्या बाजारात, ज्या तालुक्यात चिकू पिकतो त्याच्या शेजारच्या गावात, अर्धा डझन चिकू घेतले तर त्यातले दोन-तीन गाठाळ आणि तुरट निघतात.

आधी फळाचं शास्त्र थोडक्यात बघायला हवं, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतात. फळं दोन तऱ्हेची असतात. आंबा, केळं, चिकू, पपई, फणस ही झाडावरून उतरल्यावरही पिकतात. पूर्ण वाढ झालेलं फळ तोडलं की काही दिवसांनी त्याचा श्वसनाचा वेग एकदम चढतो, ते स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडू लागतं आणि त्या वायूच्या इशाऱ्याने गर मऊ होतो, गोडी येते, वास सुटतो. १९२०च्या दशकात केंब्रिजमध्ये किड आणि वेस्ट या दोघांनी सफरचंदांवर काम करताना श्वसनाची ही उसळी नोंदवली. १९३४ साली गेन यांनी दाखवून दिलं की पिकणारं फळ हा वायू स्वतः तयार करतं. दुसऱ्या तऱ्हेची फळं अशी की तोडली, तिथे त्यांचं पिकणं थांबलं. जांभूळ, लिची, द्राक्ष, संत्रं. तोडल्यावर ती मऊ पडतील, सुकतील, सडतील, पण गोड होणार नाहीत.

या दोन्ही तऱ्हा आपल्या जिल्ह्यात शेजारी शेजारी नांदतात. पालघर तालुक्यातल्या बहाडोलीचं जांभूळ आता भौगोलिक मानांकन मिळालेलं फळ आहे. ते काढायला उंच झाडांना बांबूची परांची बांधावी लागते, त्यावर चढून एकेक पिकलेलं जांभूळ हाताने खुडावं लागतं. एवढा खटाटोप कशासाठी? हिरवं-लालसर जांभूळ पोत्यात घालून ठेवलं तर ते कधीच जांभूळ होणार नाही, म्हणून. तिथे फसवणुकीला जागाच नाही. कच्चं जांभूळ बघताक्षणी कळतं आणि कुणी ते विकत घेत नाही. बहाडोलीच्या शेतकऱ्याला झाडानेच शिस्त लावली आहे.

चिकूचं तसं नाही, आणि गोंधळ तिथेच आहे. चिकू तोडल्यावर पिकतो हे खरं. पण कुठल्याही अवस्थेत तोडला तरी चांगलाच पिकतो, असा त्याचा अर्थ बाजाराने सोयीने लावून घेतला. पिकण्याची ही उसळी फळात जे साठलंय त्यावरच काम करते. झाडाने शेवटच्या पंधरा-वीस दिवसांत जे भरायचं ते भरायच्या आधीच देठ तुटला, तर फळ मऊ होतं, तपकिरी दिसतं, हाताला पिकल्यासारखं लागतं आणि तोंडात टाकल्यावर कळतं की त्याच्या आत काहीच नाही. बाहेरून पिकलेलं आणि आतून अपुरं. कार्बाइडच्या आंब्याइतकीच ही फसवणूक आहे, फक्त तिच्यात विष नाही, म्हणून तिची बातमी होत नाही.

चिकूचं झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. तिकडे त्याच्या खोडाला चिरे पाडून चीक काढत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच चिकापासून अमेरिकेत चघळायच्या गमचा धंदा उभा राहिला. आपल्याकडे घोलवडला १८९८ साली या झाडाची लागवड झाल्याची नोंद फलोद्यानाच्या पुस्तकांत सापडते. इराणी-पारशी बागायतदारांनी, नंतर इतरांनी, बोर्डी-घोलवड-डहाणूचा हा किनारा चिकूने भरून टाकला. कालीपत्ती ही इथली मुख्य जात. गमवाल्यांना हवा असलेला तो चीक खाणाऱ्याला मात्र नको असतो. कोवळ्या फळात तो भरपूर असतो आणि सोबत तुरटपणा आणणारं टॅनिनही. फळ जसं तयार होत जातं तसा चीक कमी होतो, टॅनिन उतरतं. वेळेआधी तोडलेल्या चिकूत हा चीक गराच्या आतच गोठून बसतो. चिकू खाताना दातांत अडकणाऱ्या पांढुरक्या, रबरासारख्या ज्या गाठी लागतात, त्या हाच गोठलेला चीक. कुठलाही वायू देऊन, कितीही दिवस भाताच्या पेंढ्यात ठेवून त्या जात नाहीत.

आता तोडणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. चिकूला वर्षभर फुलं येतात. फुलापासून तयार फळापर्यंत आठ-दहा महिने लागतात. त्यामुळे एकाच फांदीवर फूल, वाटाण्याएवढं फळ, लिंबाएवढं फळ आणि तोडायला आलेलं फळ, सगळं एकाच वेळी असतं. शिवाय हे फळ रंग बदलून सांगत नाही. आंबा निदान थोडा फिका पडतो, पपईला पिवळी रेघ येते. चिकू कोवळा असला तरी तपकिरी आणि तयार झाला तरी तपकिरीच. खुणा आहेत, पण त्या बारीक आहेत. कोवळ्या फळावर तपकिरी भुकटीचा खरखरीत थर असतो, फळ तयार झालं की तो झडतो आणि साल बटाट्यासारखी गुळगुळीत, पिवळसर छटेची दिसू लागते. फळाच्या टोकाला वाळलेल्या काट्यासारखा एक अवशेष असतो, तो बोट लावताच गळून पडतो. आणि शेवटची खूण नखाची. सालीवर अंगठ्याच्या नखाने हलका ओरखडा काढायचा. आतून हिरवा रंग दिसला आणि चिकाचा थेंब आला तर फळाला अजून वेळ आहे. पिवळसर दिसलं आणि चीक जवळजवळ आलाच नाही, तर फळ तयार.

पंधरा-वीस फूट उंचीवरच्या फळाला नख लावता येत नाही. टोकाला जाळी बांधलेला लांब बांबू घेऊन खालून वर बघत, पानांच्या दाटीतून, सालीची नुसती चकाकी पाहून ठरवावं लागतं. सराईत माणूस हे क्षणात ठरवतो. ही माणसं बहुतेक वारली समाजातली, आदिवासी पाड्यांवरची आहेत, आणि त्यांच्या डोळ्यांत जे ज्ञान आहे ते कुठल्याही यंत्रापेक्षा आज तरी सरस आहे. पण त्या ज्ञानाला स्वतंत्र मोल कुणी देत नाही. मजुरी दिवसाची असते किंवा भरलेल्या क्रेटवर. क्रेटवर पैसे मिळणार असतील तर फांदी धुंडाळत बसणाऱ्याचं नुकसान होतं आणि फांदी झोडपणाऱ्याचा फायदा. वाडी ठेक्याने दिलेली असेल तर आणखीच कठीण, कारण ठेकेदाराला पुढच्या वर्षाशी देणंघेणं नसतं. रमजानात किंवा सणासुदीला भाव चढला की पंधरा दिवसांनी तयार होणारं फळही आजच उतरतं.

बागायतदार यावर म्हणतात, तुम्हाला काय जातंय, फळ झाडावर ठेवायचं धाडस आमचं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. झाडावर फळ जितके दिवस जास्त, तितका धोका जास्त. बी पोखरणारी अळी आहे, वटवाघळं आहेत, पावसाळ्यात बुरशीने होणारी फळगळ आहे, ज्यात झाडाखाली चिकूचा सडा पडतो आणि मालकाच्या हाती काही लागत नाही. चोरी आहे. आणि माल कुठे जायचाय तेही बघावं लागतं. तयार चिकू चार ते सात दिवसांत पिकतो. दिल्ली किंवा जयपूरला पाठवायचा तर वाटेतच पिकून लगदा व्हायची भीती. म्हणून लांबच्या बाजारासाठी फळ थोडं आधी तोडणं हा गुन्हा मी मानत नाही.

केळ्याकडे बघितलं तर हे आणखी स्पष्ट होतं. केळ्याचा घड नेहमी हिरवाच उतरवतात आणि तेच बरोबर असतं. हिरव्या केळ्यात स्टार्चचा मोठा साठा असतो, पिकताना त्याची साखर होते. फण्यांवरच्या धारा बोथट होऊन केळं गोलसर झालं की उतरवायचं आणि सोळा-अठरा अंशांच्या खोलीत इथिलीन देऊन पिकवायचं, यात काही वावगं नाही. झाडावरच पिकू दिलं तर उलट केळ्याची साल फाटते आणि गर पिठूळ लागतो. याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला वसईत राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करतात. तिथे पिकवणीनंतरही एक कला आहे. तेव्हा ‘नैसर्गिक म्हणजे झाडावर पिकलेलं’ ही शहरी समजूत मला मान्य नाही. इथिलीन फळ स्वतःच तयार करतं, ते बाहेरून दिल्याने फळ विषारी होत नाही. प्रश्न वायूचा नाही. वायू देण्यापूर्वी फळात काही भरलं होतं का, हा आहे.

आंब्याच्या बाबतीत कोकणाने हे फार पूर्वी ओळखलं. हापूस ‘चौदा आणे’ तयार झाला की काढायचा, असं तिथे सर्रास म्हणतात, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारसही तीच आहे, म्हणजे साधारण ८५ टक्के पक्वता. सोळा आणे का नको? झाडावर फार काळ राहिलेल्या हापूसमध्ये साका होण्याचं प्रमाण वाढतं. बाहेरून देखणं फळ कापावं तर आत पांढरट, भुसभुशीत, आंबूस गर. म्हणजे उशीरही महाग आणि घाईही महाग. बारा आण्यांना काढलेला हापूस पेटीत पिवळा होतो, वास मात्र येत नाही. योग्य वेळ ही दोन चुकांमधली अरुंद फट आहे आणि ती नेमकी ओळखणं हेच बागायतीचं खरं कौशल्य. आंब्याने त्यासाठी स्वतःचं माप तयार केलं, देठासकट फळ अलगद उतरवणारा झेला तयार केला, आढी लावायची रीत बसवली. चिकूने सव्वाशे वर्षांत असं सर्वांनी मानलेलं माप तयार केलं नाही. खुणा सगळ्यांना ठाऊक आहेत, पण त्यांवर व्यवहार होत नाही.

कायदा काय करतो ते बघू. अन्नसुरक्षेचे २०११चे नियम कार्बाइडच्या वायूने पिकवलेली फळं विकायला बंदी करतात. ही बंदी योग्यच आहे. कार्बाइड ओलसर हवेत ॲसिटिलीन सोडतं, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात, आणि ती पुडी हाताळणाऱ्या हमालालाही त्याचा त्रास होतो. २०१६ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने इथिलीन वायू दहा लाखांत १०० भाग या मर्यादेपर्यंत वापरायला परवानगी दिली. तेही योग्य. पण नीट पाहा, दोन्ही नियम फळ तोडल्यानंतरचे आहेत. कोवळं फळ कायदेशीर इथिलीन देऊन कायदेशीर खोलीत मऊ केलं, तर तुम्ही कोणताही नियम मोडत नाही. आणि कार्बाइडचा मोह मुळात होतो कुणाला? जो बागायतदार किंवा व्यापारी फळ वेळेवर उतरवतो, त्याला पुडी लागतच नाही, फळ आपलं आपण पिकतं. पुडी लागते ती घाईने तोडलेल्या मालाला. कार्बाइडवर नुसते छापे घालून हा धंदा थांबत नाही, कारण त्याला खाद्य पुरवणारी घाई तशीच चालू राहते.

मग मानांकन. ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाने त्यासाठी केलेल्या धडपडीबद्दल मला मनापासून आदर आहे. २०२१ साली याच नावाने चिकू इंग्लंडला गेला, तेव्हा जिल्ह्यात सगळ्यांनाच आनंद झाला. पण हा शिक्का ग्राहकाला फळ कुठलं, एवढंच सांगतो. इथली चुनखडीयुक्त माती, समुद्राची हवा, कालीपत्तीची जात, हे सगळं फळात उतरतं तेव्हा, जेव्हा फळ तितके दिवस झाडावर राहतं. घोलवडच्याच झाडावरून वीस दिवस आधी तोडलेला चिकू हा नावाने घोलवडचा आणि चवीने कुठलाच नाही. ज्याच्या जिभेवर तो पहिल्यांदा जाईल, तो घोलवडच्या नावावर काट मारील. मानांकनाचा सर्वांत मोठा शत्रू दुसऱ्या राज्यातला चिकू नव्हे. आपल्याच गावातला कोवळा चिकू तो आहे.

डहाणूच्या वाड्यांसाठी आपण कमी लढलो नाही. औष्णिक वीज प्रकल्पाच्या धुराने चिकूचं नुकसान होईल ही भीती लोकांनी वर्षानुवर्षं मांडली. १९९१ साली केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण प्राधिकरण आलं. बाहेरच्या धोक्याविरुद्ध हा तालुका इतक्या चिकाटीने उभा राहिला. त्याच तालुक्यात फळ कोणत्या दिवशी उतरवायचं याचा साधा सामूहिक नियम झाला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता वाढवण बंदराची पायाभरणी झाली आहे, मालगाड्यांची स्वतंत्र मार्गिका जिल्ह्यातून जाते, बोईसरला बुलेट ट्रेनचं स्थानक होतंय. शीतगृहं येतील, थंड कंटेनर येतील, चिकू जगभर जाईल, असं सभांमधून सांगितलं जातं. बंदराबद्दलचा मच्छीमारांचा विरोध हा वेगळा आणि मोठा विषय आहे, तो इथे ओढून आणत नाही. पण शीतसाखळीबद्दल एक गोष्ट बागायतदारांनी लक्षात ठेवावी. उष्ण प्रदेशातल्या फळांना थंडी बाधते. केळं तेरा अंशांच्या खाली काळवंडतं. चिकूही दहा-बारा अंशांखाली बराच काळ ठेवला तर बाहेर काढल्यावर धड पिकत नाही. आणि थंडी फक्त घड्याळ मंद करते, मागचे दिवस परत देत नाही. कोवळा चिकू शीतगृहात ठेवला तर तो जास्त दिवस कोवळाच राहील, एवढंच. उत्तम फळ लांब नेण्यासाठी शीतसाखळी हवीच, पण सुरुवात वाडीतून व्हायला हवी. कोट्यवधींची गुंतवणूक रस्त्याच्या शेवटच्या टोकाला करून पहिलं टोक मोकळं ठेवायचं, हा उलटा क्रम आहे.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषधांच्या कारखान्यांत मालाची खेप बाहेर पडण्यापूर्वी तिचा नमुना तपासला जातो, आणि काही नमुने राखून ठेवले जातात. पुढे तक्रार आली तर तो नमुना बोलतो. फळबाजाराला यापेक्षा वेगळं काही लागत नाही. प्रत्येक खेपेतले दहा-बारा चिकू खरेदीच्या ठिकाणी बाजूला काढून ठेवावेत, पाच-सहा दिवसांनी कापून बघावेत, गोडी मोजायचं छोटं उपकरण लावावं, चीक गोठलेली फळं मोजावीत. भावाचा एक हिस्सा त्या निकालावर ठेवावा. पहिल्या हंगामात वाद होतील, व्यापारी कुरकुर करतील. पण नीट तोडणाऱ्या बागायतदाराला आपल्या संयमाचे पैसे प्रथमच मिळतील. आज त्याला मिळतो तोच भाव घाई करणाऱ्याला मिळतो, आणि म्हणून संयम हळूहळू मरतो. मानांकनाच्या खोक्यावर गावाच्या नावाखाली तोडणीची तारीख छापायला खर्च जवळजवळ नाहीच. तारीख छापली म्हणजे लगेच सगळे खरं लिहितील असं नाही, पण खोटं लिहिणाऱ्याला निदान खोटं लिहावं लागेल, आणि ते पकडता येईल.

आणि पैसे तोडणाऱ्यापर्यंत पोचले पाहिजेत. पाड्यावरची तरुण पोरं आज बोईसरच्या कंपन्यांत पाळीवर जातात, ठरलेला पगार घेतात, आणि त्यांना कुणी दोष देऊ नये. चिकू ओळखणारा डोळा असलेला माणूस आणि काल प्रथमच बांबू हातात धरलेला माणूस, दोघांना एकच रोज मिळत असेल तर ते ज्ञान पुढच्या पिढीत कशाला उतरेल? डहाणू तालुक्यातच कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे, पालघरला कृषी संशोधन केंद्र आहे. तोडणीचं प्रशिक्षण, त्याचं प्रमाणपत्र, आणि प्रमाणित तोडणाऱ्याला वाढीव रोज, हे या दोन संस्था आणि उत्पादक संघ मिळून एका हंगामात सुरू करू शकतात. तोडणीचा मोबदला क्रेटवर न ठेवता, नमुन्यात पास झालेल्या मालावर ठेवला, तर झाडाखाली उभा असलेला माणूसच पहिला तपासनीस होईल. येत्या हंगामात बोर्डी-घोलवडच्या बागायतदारांपैकी दहा-पंधरा जणांनी जरी हे एकत्र करून पाहिलं, तरी वाशीच्या बाजारात त्यांच्या खोक्याची मागणी वेगळी दिसेल, आणि उरलेल्यांना समजवायला मग लेख लिहावे लागणार नाहीत.